रिव्हेटवरचा रंग

आधी मी गाडी पालथी करतो.
बाकीचे रंगावर भाळतात, मी पोट बघतो.
तिथे दोन रिव्हेट असतात, मसुराएवढे,
सगळं खरंखोटं त्या मसुरांत शिजतं.

रंग आधी, ठोका नंतर, हा कारखान्याचा क्रम.
म्हणून रिव्हेटचं डोकं उघडं हवं, चपटं, जस्ताचं,
कडेला रंगाची फाटकी झालर.
डोक्यावरच रंग चढलेला दिसला
की समजायचं, मागाहून कुणीतरी हात फिरवलाय.
भोवती ड्रिलची बारीक रिंगणं असली
तर पोट फाडून पुन्हा शिवलंय.

ही रुग्णवाहिका गुलाबी आहे.
गुलाबी कुठल्याच यादीत नाही.
हांबुर्गचं गिऱ्हाईक म्हणतं, अस्सल असेल तर नऊशे युरो,
नसेल तर तूच खेळत बस.
भिंग लावलं. अतिनील दिव्याखाली धरली,
नवा रंग असता तर दुधासारखा उजळला असता.
ही मुकी राहिली.
रिव्हेट उघडे. झालर फाटकी.
तरी गिऱ्हाइकाला माणूस हवा होता,
त्या रांगेत बसलेला, अजून बोलणारा.

म्हणून राझग्राद. ऑक्टोबर.
जिन्यात भाजलेल्या मिरच्यांचा वास,
तिसरा मजला, दारावर पाटी नाही.
शेफिकाबाईंनी गाडी चष्म्याशिवायच घेतली,
छतावरून अंगठा फिरवला,
पिठाची कणी चिमटीत तपासावी तसा.

"गुलाबी कसली रे?
लाल संपला होता. महिनाअखेर, आकडा भरायचा होता.
फोरमन म्हणाला, त्यात पांढरा ओत, ढवळ,
आणि तोंड बंद ठेव.
दीडेकशे निघाल्या. दुपारी लालचा डबा आला."

एवढंच. नऊशे युरोंचं गुपित एका बादलीत.
मी कागद पुढे सरकवला.
नाव, विभाग, साल पंच्याऐंशी, सही.
"नाव पगारपुस्तकात आहे तसंच लिहा," मी म्हणालो,
"ते ताडून बघतात."

पेन थांबलं.
"पगारपुस्तकात मी स्तेफ्का आहे."

मग बराच वेळ ती मिरच्या सोलत राहिली,
काळी सालं एका बशीत, लाल गर दुसरीत.
"त्या हिवाळ्यात यादी घेऊन आले. दाराशी शिपाई.
माझ्या पुढच्या बाईनं निवडायला मिनिटभर घेतलं,
मी तेवढंही नाही.
एकदोन अक्षरं तरी आपली राहतील म्हणून स्तेफ्का.
वडील वारले होते, त्यांचंही बदललं.
सोमवारी तीच खुर्ची, तीच रंगाची बंदूक.
फोरमन हाक मारायचा, मी वळायचीच नाही.
बहिरी झालीस का, म्हणायचा."

त्या साली मी अकरा वर्षांचा, रुसेत.
जानेवारीत बाईंनी हजेरी घेतली
आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा
नव्या नावाला 'हजर' म्हणाला नाही.
आम्ही हसलो होतो.
हे मी शेफिकाबाईंना सांगितलं नाही.
उगाच गाडी उचलली, पालथी केली,
माहीत असलेलं पुन्हा पाहिलं.

तिनं हात पुसले. लिहिलं: शेफिका.
मागच्या पानावर उमटेल इतकं दाबून.

"जुळत नाही म्हणतील," मी म्हणालो.
"म्हणू देत. तूच ना पारखणारा?"

रात्री हॉटेलात अहवाल टंकला.
रंग मूळचा. सही मूळची.
पगारपुस्तकातलं नाव मागाहून चढवलेलं.
शिक्का मारला.
हांबुर्गनं सहाशे दिले, वर लिहिलं,
कागदपत्रांत विसंगती.

निघताना जिन्यावरून तिनं हाक मारली होती,
"हिची एक बहीण बुर्साला आहे, माझ्या नातवाकडे.
बाल्कनीत फरशीवर घासून घासून
रंगाचा टिपूस राहिला नाही तिच्यावर.
तिला काय देतील रे?"

काही नाही, मी म्हणालो.

"बरंय मग," ती म्हणाली,
आणि दार लावून घेतलं.